दोन बोटांचा ब्रेक

"काका, फक्त डिस्क बसवा. बाकी कशाला हात लावू नका, बाबा रागावतील."

गाडी 350 बुलेट, बिडाच्या इंजिनाची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पोरगं एरवी आजकालची गाडी चालवतं. समोर म्हैस आली तसा त्यानं सवयीनं उजवा पाय दाबला. या गाडीत पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. त्यामुळे ब्रेक लागलाच नाही, उलट पुढचा गिअर पडला. म्हैस वाचली ती स्वतःच्या हुशारीनं.

पाय गोंधळतात, हात नाही. पुढचा ब्रेक तेव्हाही उजव्या मुठीत होता, आजही तिथेच आहे. म्हणून पायाकडचं मी काही बदलत नाही. हाताचा ब्रेक बदलायला मात्र माझी ना नसते. सहा इंची ड्रम म्हणजे मूठ आवळली की तो आधी आपला अर्ज वाचतो.

पण 'फक्त' डिस्क बसत नाही. जुन्या शॉकअपला कॅलिपर धरायला कान नसतो, आणि वेल्डिंगचा कान मी लावत नाही; सगळा जोर त्याच्यावरच येतो. डिस्कवाल्या बुलेटचं पुढचं अख्खं घ्यावं लागतं, चाकासकट. हँडलचा पाइप 22 मिलिमीटरचा, त्यावर आजचा क्लॅम्प बिनतक्रार बसतो, आणि तिथेच फसगत होते. जुनं हँडल मागे वळलेलं. ऑइलची डबी तिरकी होते, ऑइल एका कडेला जातं नि एअर आत शिरते.

खरी मेख मास्टर सिलिंडरची. पिस्टन मोठा म्हणजे ब्रेक जोरात, असं मीही समजायचो. एका गाडीला दोन कॅलिपरचा मास्टर लावला, लिव्हर दगड. मोठा पिस्टन ऑइल जास्त ढकलतो, पण दाब कमी देतो. तो हातानं भरून काढावा लागतो. फार लहान लावला तर लिव्हर लोण्यासारखा, थेट मुठीला टेकतो. एका कॅलिपरला मी 12 ते 14 मिलिमीटरमधला बघतो.

एअर काढताना टाकीवर जाड कापड. हे ऑइल रंग खातं, नि हातानं मारलेली सोनेरी रेघ पुन्हा तशी येत नाही.

चौथ्या दिवशी बाबा स्वतः आले. रागावले नाहीत. गल्लीत चक्कर मारली, आणि जन्मभर आवळला तसा चार बोटांनी ब्रेक आवळला. शॉकअप खाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"दोन बोटं, अण्णा. दोनच."

त्यांनी हात उचलून बघितला. "मग या दोघांचं काय करू?"