समुद्राचा परवाना

नियमांची कलमे आवडीने वाचणारी माणसे थोडी. मी त्यांपैकी एक आहे. धर्मशाळेच्या भिंतीवरची पाटी, ग्रंथालयाच्या पुस्तकात चिकटवलेली चिठ्ठी, तिकिटाच्या पाठीमागची बारीक अक्षरे, हे सारे मी मन लावून वाचतो. 'ओल्या हातांनी पुस्तक हाताळू नये' असे कोणी उगाच लिहीत नाही. कधीतरी कोणीतरी ते तसे हाताळलेले असते.

अलीकडे माझ्या वाचनात पॅसिफिक महासागरातील एका संरक्षित समुद्राचे नियम आले. हवाई बेटांच्या वायव्येस सुमारे २,००० किलोमीटरपर्यंत लहान लहान बेटे, खडक आणि प्रवाळांची कंकणे विखुरलेली आहेत. त्या साऱ्या प्रदेशाचे नाव पापाहानाउमोकुआकेआ. पापाहानाउमोकू ही हवाईच्या लोकांची धरित्रीमाता आणि वाकेआ हा आकाशपिता. त्या दोघांची नावे जोडून हे नाव झाले आहे. दोनतीनदा मोठ्याने म्हटले म्हणजे ते जिभेवर बसते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २००६ साली हा प्रदेश संरक्षित केला, २०१६ साली त्याची सीमा पुष्कळ वाढवण्यात आली, आणि २०२५ साली तेथील समुद्राला राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. समुद्राला अरण्य म्हणावे की नाही याचा वाद पंडितांनी घालावा. मला त्या शब्दातील 'अभय' महत्त्वाचे वाटते. या प्रदेशाचे क्षेत्रफळ १५ लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचपट आहे. एवढ्या पाण्याला कुंपण कोण घालणार? म्हणून तेथे कुंपणाचे काम परवाना करतो.

हा परवाना म्हणजे तिकीट नव्हे. तिकीट पैसे मोजले की मिळते. येथे अर्जदाराने आधी प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. तुमचे काम दुसरीकडे कोठे होण्यासारखे नाही काय? त्यापासून होणारा लाभ हानीपेक्षा मोठा आहे काय? जरुरीपेक्षा अधिक काळ तर राहणार नाही ना? काही बिघडले तर ते निस्तरण्याइतका पैसा तुमच्याजवळ आहे काय? एवढे करून परवाना मिळालाच, तरी जहाजावर आपला ठावठिकाणा सतत कळवणारे यंत्र बसवावे लागते. प्रवाळावर नांगर टाकता येत नाही. जहाजाचा तळ तपासून घ्यावा लागतो आणि जहाजात उंदीर नाहीत याचीही खात्री पटवावी लागते. वादळात किंवा अन्य संकटात कोणाचे प्राण वाचवायचे असतील, तर मात्र हे नियम आड येत नाहीत. ते योग्यच आहे.

परंतु सर्वांत नवलाचे कलम आहे ते कपड्यांविषयी. लेसान, निहोआ यांसारख्या दूरच्या बेटांवर उतरणाऱ्याने नवे, अन्यत्र न वापरलेले कपडे आणि पादत्राणे न्यावयाची, आणि तीही निदान ४८ तास गोठवून! उन्हाने तापणाऱ्या बेटावर जाण्यासाठी सदरा बर्फासारखा थंड करायचा, हे वाचून कोणालाही वाटेल की सरकारी कारकुनाला काही काम उरले नसावे. आपल्याकडे बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात यावे अशी रीत आहे. पण हे तर त्याच्याही पलीकडचे झाले.

या कलमामागे काय घडून गेले आहे ते लेसान बेटाच्या इतिहासात सापडते. हे बेट अवघे चार चौरस किलोमीटरांचे. १९०३ च्या सुमारास तेथे मांसाच्या धंद्यासाठी ससे आणून सोडण्यात आले. ससा हा किती गरीब प्राणी! पण त्या बेटावर त्याला खाणारे कोणी नव्हते. १९०९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ही बेटे पक्ष्यांसाठी राखून ठेवल्याची आज्ञा काढली. ती सशांना कोण वाचून दाखवणार? ते खातच राहिले. १९२३ साली 'टॅनेजर' जहाजातून शास्त्रज्ञ तेथे गेले, तेव्हा बहुतेक सारी हिरवळ नाहीशी होऊन वाळू उडत होती. फुलांतील मध खाणारा एक लाल पक्षी या बेटावाचून जगात कोठेही नव्हता. त्याचे तीनच जीव उरले होते. शास्त्रज्ञ तेथे असतानाच वाळूचे वादळ झाले. आडोशाला झुडूप नव्हते. त्या वादळानंतर तो पक्षी पुन्हा कोणाला दिसला नाही. किडे टिपणारा एक लहानसा तपकिरी पक्षी तर त्याआधीच संपला होता. न उडणारी इवलीशी पाणकोंबडी मिडवे बेटावर नेलेली असल्यामुळे तेवढी वाचली होती. पण दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मिडवेवर उंदीर उतरले आणि थोड्याच काळात तीही गेली.

सशांचा नायनाट झाल्यावर बेट पुन्हा हिरवे होऊ लागले. पुढे काटेरी बोंडांचे एक परके गवत तेथे आले. आपल्या धोतराला कुसळे चिकटतात तशी त्याची बोंडे कापडाला चिकटतात. ते उपटून काढण्याचे काम १९९१ साली सुरू झाले आणि जवळजवळ दहा वर्षे चालले! हे कळल्यावर गोठवलेल्या सदऱ्याचे हसू येईनासे होते. पाण्यातही तेच. २०१६ साली तेथील एका प्रवाळकंकणावर एक निराळेच शेवाळ दिसले आणि २०१९ पर्यंत त्याने प्रवाळाचे मोठमोठे भाग चादरीसारखे झाकून टाकले. म्हणून पाणबुड्यांची साधनेही जंतुनाशकाने धुवावी लागतात.

एक गोष्ट मात्र मला बोचते. मोकुमनामना नावाच्या बेटावर हवाईच्या लोकांची तीसहून अधिक जुनी दगडी पूजास्थाने आहेत. आपल्या पूर्वजांच्या देवस्थानी जाण्यासाठी त्यांनाही परवाना मागावा लागतो. ज्यांनी हे बेट कधी उजाड केले नाही, त्यांनी कागद का भरावा? कायद्याने त्यांच्यासाठी निराळ्या प्रकारचा परवाना ठेवला आहे हे खरे, आणि त्यातील एक अट मला फार आवडली: तेथे पकडलेला मासा तेथेच खावा, घरी नेऊ नये. तरी माझे समाधान होत नाही. 

लेसानच्या त्या तपकिरी पक्ष्याचे भाऊबंद निहोआ बेटावर उरले होते. २०११ साली त्यांतील २४ पक्षी पकडून, जहाजातून सुमारे १,००० किलोमीटर नेऊन, लेसानवर सोडण्यात आले. पुढच्या वर्षी आणखी २६. पिंजऱ्यांची दारे उघडली तेव्हा समोर झुडपे होती. पक्षी त्यांत शिरले, आणि पुढे त्यांनी तेथे घरटी बांधली.