रविवारची वजाबाकी

चाकण, रविवार, रात्री.

आजही जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर दोन तास मुलांना घेऊन बसलो. पलटण सोडून चार वर्षं झाली. हल्ली कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी असते. प्रेसचा दणका ऐकला की अजून छातीत धस्स होतं. घरी कधी बोललो नाही.

तिसरीतली एक मुलगी, आईबाप बांधकामावर. ३२ मधून १७ जाईनात. दोनातून सात कसे जाणार? काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दिले. बराच वेळ बघत बसली, मग एका गठ्ठ्याचा रबर स्वतःच काढला. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचं टायर फुटलं. माझ्या हातातल्या काड्या सांडल्या.

"काका, टायर होतं," ती म्हणाली, आणि काड्या वेचू लागली.

येताना मुरलीकांत पेटकर आठवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून त्यांनी देशाला सुवर्ण दिलं. त्यांना पाण्याने सावरलं असेल. मला ही पोरं सावरताहेत, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

उत्तर पंधरा आलं. पुढच्या रविवारी हातच्याची बेरीज. रबर संपलेत, आणायला हवेत.