जवळ जाणाऱ्याची लेन्स

नागपूर

चि. भाचीस,

निकॉनच्या झेड-५० साठी स्वस्त, लहान आणि रुंद कोनाची एखादी प्राइम (झूम नसलेली) लेन्स सांगा, पोळ्याआधी घ्यायची आहे, असं तू लिहिलंस. आधी कॅमेऱ्यासोबत आलेली १६-५० बघ. वजन १३५ ग्रॅम, आणि १६ वर ती फुल-फ्रेमच्या २४ मिलिमीटरइतकं दृश्य घेते. रुंदी तुझ्याकडे आहेच, कमी पडतो तो उजेड. दिवेलागणीला सौंसरच्या घरात फोटो हलतात, ते त्यामुळेच.

आता हिशेब. तुझा सेन्सर डीएक्स, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान, म्हणून लेन्सवरचा आकडा दीडपट धरायचा. निकॉनची २८ एफ/२.८ दुकानदार हमखास पुढे करेल. लेन्स चांगली आहे, पण तुझ्याकडे ती ४२ होते. तिला रुंद म्हणता येत नाही. २०२३ साली आलेली डीएक्स २४ एफ/१.७ तुला ३६ पडेल. वजन तेच १३५ ग्रॅम, पण १६-५० च्या एफ/३.५ पेक्षा चौपट उजेड आत घेते. व्हिल्ट्रॉक्सची २० एफ/२.८ तिच्याहून स्वस्त आणि ३० इतकी रुंद. उजेडाचा फायदा मात्र दीडपटच. पुढेमागे फुल-फ्रेम घेतलास तर ती तिथेही पूर्ण चालेल. माझी जुनी डीएसएलआरची २० मात्र मागू नकोस. एफटीझी अडॅप्टर लावला की लांबी वाढते आणि लहान लेन्सचा हेतूच संपतो.

रुंद लेन्स घेतली की सगळं मावेल, असं लोकांना वाटतं. मावतं खरं, पण बारीक होऊन मावतं. लेन्स जितकी रुंद, तितकं तुला पुढे सरकावं लागतं. त्यासाठीच ती लहान हवी. तोंडासमोर नळकांडं आलं की माणसं अवघडतात. संत्र्याच्या बागेत दोन झाडांत सहाएक मीटर अंतर असतं, मागे सरकायला जागा नसते. तोडणी चाललेली असताना मजुराच्या हातापाशी जा, फळ जवळ ठेव, मागे ओळ आपोआप येते. चेहरा तेवढा कडेला नेऊ नकोस, ताणला जातो.

पोळ्याचंही तसंच. तोरणाखाली झडत्यांची गाणी सुरू झाली की गर्दी दाटते. बेगड लावलेली शिंगं, झूल, घुंगरमाळ हे सगळं हातभर अंतरावर असतं. धन्याला विचारून बैलाच्या बाजूने उभी राहा. समोरून जवळ गेलीस तर फोटोत नुसतं नाक येईल, आणि बैल बिचकेल ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून झेंडा लावतात. एकीकडे पांढुर्णा, दुसरीकडे सावरगाव, मधे दगडफेक. तिथे माणसं जायबंदी झालीत, जीवही गेलेत. २० किंवा २४ ने तिथला चांगला फोटो काढायचा तर दगडांच्या टप्प्यात उभं राहावं लागेल. ते तू करणार नाहीस. जायचंच असेल तर मामेभावाची ५०-२५० घे आणि लांबच्या गच्चीवरून बघ. मला विचारशील तर त्याऐवजी त्याच दिवशीचा तान्हा पोळा गाठ. लाकडी बैल ओढणाऱ्या पोरांच्या उंचीला गुडघ्यावर बस. रुंद लेन्सचं खरं काम तिथे आहे.

मी तुझ्या जागी असतो तर २४ एफ/१.७ घेतली असती, कारण तुझी तक्रार उजेडाची आहे. पण माझं ऐकून पैसे देऊ नकोस. आठवडाभर १६-५० ला २० वर ठेव, पुढचा आठवडा २४ वर, आणि झूमला हात लावू नकोस. ज्या आकड्यावर पावलं कमी अडतील, तो तुझा. २० वरच जास्त मोकळं वाटलं तर व्हिल्ट्रॉक्स घे, उरलेल्या पैशात जास्तीची बॅटरी येईल.

वापरलेली मिळाली तर टॉर्च आरपार मारून बुरशीचे धागे बघ, आणि स्वतःचा कॅमेरा नेऊन फोकस तपास. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेव. लेन्स घ्यायला बर्डीच्या बाजारात जायचं ठरलं की आधी कळव, मीही येतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा