कातळाची परवानगी

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला गोंदियाकडचा मुलूख प्रथमदर्शनी अगदी सपाट वाटतो. तळ्यांचा आणि धानाचा प्रदेश, एवढीच आपली माहिती. म्हणून गेल्या नाताळच्या सुटीत चिरंजीवांनी दोर, शिरस्त्राण आणि खडूच्या भुकटीची पिशवी बांधून मुर्रीला जायचा बेत केला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "तिथं काय, धानाच्या गंजीवर चढणार आहात?"

मुर्री हे गोंदिया शहराला लागूनच असलेले गाव. आमचे एक जुने स्नेही तेथे राहतात. धानाची कापणी आटोपली होती आणि बांध्यांतून लाखोळी हिरवी झाली होती. ओसरीवर तासभर बसले, की मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तीन भाषा कानांवरून जात. मराठीच्या अध्यापकाला याहून मोठी मेजवानी कोणती?

आगगाडीने सालेकसा गाठले, की क्षितिजावर डोंगर दिसू लागतात. पुढे दरेकसा आणि मग छत्तीसगडची हद्द. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. इकडचा खडक दोनशे कोटी वर्षांहूनही जुना! याच डोंगरांत कचारगडची प्रचंड गुहा आहे. गोंड समाजाच्या कथेप्रमाणे कली कंकालीची तेहेतीस मुले येथे कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांची सुटका केली. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड यात्रेकरू येथे येतात आणि "जय सेवा"च्या घोषाने रान दुमदुमते.

आम्ही गेलो तेव्हा मात्र सामसूम होती. पायथ्याच्या गावातले एक वृद्ध गोंड गृहस्थ वाट दाखवायला आले होते. गुहेच्या तोंडाशी येताच चिरंजीवांची बोटे शिवशिवू लागली. "बाबा, ती भेग बघा! थेट वरपर्यंत जाते!"

म्हातारबा शांतपणे म्हणाले, "पायतान अठीच सोडा जी. अन् दोर बी. देवाच्या आंगावर चढत नाही कोनी."

मुलगा सतरा वर्षांचा. वर्षभर या एका दिवसाची वाट पाहिलेला. मी मुद्दामच गप्प राहिलो. मी दटावले असते तर त्याने ऐकलेही असते; पण ते बापाचे ऐकणे झाले असते, त्या जागेचे नव्हे. त्याने एकदा भेगेकडे पाहिले, एकदा म्हातारबांच्या अनवाणी पायांकडे. आणि मुकाट्याने दोर पिशवीत घातला. आम्ही गुहेत गेलो ते हात जोडूनच.

परतताना म्हातारबा आपल्या पडीक शेतात थांबले. तेथे दोन पुरुष उंचीचा एक धोंडा उभा होता. "याच्यावर चढ बाबू. आमच्या बकऱ्या रोज चढतात."

बकऱ्यांच्या त्या राज्यात आमचा सारा दिवस गेला. चिरंजीव गुरू झाले आणि मी शिष्य. "भार पायांवर द्या, हातांनी नुसता तोल सांभाळा. तीन अवयव टेकलेले असले, तरच चौथा हलवायचा." पंचेचाळिशीच्या प्राध्यापकाला हे व्याकरण अवघड गेले, पण माथ्यावर पोचलो, तेव्हा खालून म्हातारबांनी टाळ्या वाजवल्या.

लोणावळ्याजवळच्या आपल्या नागफणीला साहेबाने कोणा ड्यूकच्या नाकाचे नाव दिले आणि आपणही ते मिरवत राहिलो. कातळ मुका असतो हे खरे; पण त्याच्या वतीने बोलणारे कोणीतरी पायथ्याशी राहत असते. आधी त्याला नाव विचारावे, मग परवानगी, आणि मगच हात घालावा.