दाजींच्या गाडीची काच

थंडीच्या दिवसांत रहिमतपूरहून सकाळी औंधच्या दिशेनं गाडी काढली, की सूर्य थेट डोळ्यांवर येतो. त्या महिन्यांत तो आग्नेयेकडे सरकून उगवतो आणि रस्त्याचं तोंडही साधारण तिकडेच असतं. नेमका तोच उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलगाड्या, वाढं घेऊन निघालेल्या मोटारसायकली, सगळं एकाच रस्त्यावर.

आमचे दाजी औंधच्या पुढच्या एका शाळेत शिक्षक आहेत. त्यांची छोटी गाडी आठ-नऊ वर्षांची, इंजिन अजून खणखणीत. गेल्या हंगामात मात्र ते ताईला म्हणाले, “सूर्य समोर आला की काच पांढरी पडते गं. ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसते.” ताईनं मला फोन केला, आणि मी सुट्टीला गेलो तेव्हा त्या काचेचं काय करायचं हे ठरवायचं काम आम्हा दोघांकडे आलं.

अंगणात उभं राहून पाहिलं तर काच स्वच्छ. आत ड्रायव्हरच्या जागेवर बसून उन्हाकडे तोंड केलं, तेव्हा खरं काय ते दिसलं. वायपर जिथून फिरतो तिथे कमानीसारख्या शेकडो बारीक रेषा आणि त्यांत डोळ्यांसमोरच एक लांब, जाड चरा. ओरखड्याच्या कडा खडबडीत असतात. तिरपा उजेड त्यांवर पडला की सरळ पार न जाता चहूकडे फुटतो, आणि सगळी काच दुधाळ दिसू लागते. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनीही हेच होतं. प्रत्येक दिव्याभोवती प्रकाशाचा पिसारा उठतो आणि त्याच्या पलीकडे बिनदिव्याची ट्रॉली उभी असेल तर ती लपून जाते. म्हणूनच या ओरखड्यांना मी दिसण्याचा किरकोळ दोष मानत नाही.

ते पडतात कशानं, याचं उत्तर आपल्या मातीतच आहे. 1812 साली फ्रेडरिक मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं खनिजांच्या कठिणतेची एक ते दहा अशी मोजपट्टी ठरवली. तिच्यावर खिडकीची काच साडेपाचच्या आसपास बसते. वाळूतलं क्वार्ट्झ सातवर. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्यातलं फेल्डस्पार सहाच्या घरात. खडी क्रशरजवळून किंवा रुंदीकरण चाललेल्या रस्त्यावरून गेलं की काचेवर जी पांढुरकी धूळ बसते, ती म्हणजे या दगडाचं पीठ. म्हणजे काचेपेक्षा कठीण भुकटी. त्यावर कोरडा वायपर किंवा कोरडा फडका फिरवला की ती काच कापतेच.

आणि कोरडा फडका फिरवायची सवय या भागात जुनी आहे. कराडजवळ ओगले बंधूंनी 1916 साली काच कारखाना काढला. त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडलं आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घरोघर पोचला. दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचेत तोंडाची वाफ सोडायची, जुन्या धोतराचा फडका आत घालून फिरवायचा, की काच लख्ख. आजीच्या पिढीनं हे जन्मभर केलं आणि ते बरोबरच होतं, कारण काजळी मऊ असते, ती काचेला इजा करत नाही. गाड्या आल्या आणि तोच फडका, तोच हात रस्त्याच्या धुळीवर फिरू लागला.

गावातल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, “सर, कशाला खर्चात पडता, पॉलिश मारून घ्या.” साताऱ्यातल्या एका काचेच्या दुकानातून फोनवर सांगितलं, “पॉलिशबिलिश काही नको, नवीनच टाका.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, पण कुणीही काच जवळून पाहिली नव्हती.

आम्ही आधी काच धुतली. भरपूर पाणी, शाम्पू, हातानं चोळून. तरी एक धुरकटपणा राहिलाच. दाजींच्या घरी बोअरचं पाणी आहे, आणि जड पाणी काचेवर वाळलं की क्षारांचे डाग धरतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड थोडा वेळ ठेवून पुन्हा धुतलं, तर निम्मा धुरकटपणा गेला. हे सांगायचं कारण असं की पुष्कळ लोक या डागांनाच ओरखडे समजून काच बदलायला निघतात. टूथपेस्टचा उपायही कुणी ना कुणी सुचवतंच. तिनं काच थोडी चमकते, ओरखडा जसाच्या तसा राहतो.

मग नखाची परीक्षा. रेषेवर आडवं नख ओढायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा. अडकलं तर खोल. कमानीतल्या बहुतेक रेषांवर नख सरळ घसरलं. त्या लांब चऱ्यावर मात्र प्रत्येक वेळी अडकलं. वायपरचं रबर उन्हानं तडकून एका टोकाला सुटलं होतं आणि उघडी धातूची पट्टी काचेवर घासत होती.

साताऱ्याला एका कारागिराकडे गेलो. त्यानं आधी काचेच्या आतल्या बाजूनं मार्करनं प्रत्येक ओरखड्याशेजारी खुणा केल्या, म्हणजे बाहेर पॉलिश चालू असताना जागा चुकत नाही. मग डब्यातून फिकट गुलाबी भुकटी काढली. हे सिरियम ऑक्साइड. दुर्बिणीचे आरसे घासणारे हौशी लोकही शेवटचा हात याच भुकटीनं देतात. पाण्यात ती ताकाइतकी पातळ कालवली, मशीनला नमद्याची चकती लावली आणि डाव्या बाजूच्या रेषांवर मंद वेगात काम सुरू केलं. दर थोड्या वेळानं पाण्याचा फवारा आणि आतून काचेला तळहात लावून पाहणं. “गरम झाली की खेळ खलास, तडा जातो,” तो म्हणाला. सिरियम ऑक्साइड नुसतं घासत नाही. पाण्याच्या साथीनं ते काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही करतं, म्हणून तिला इतकी झळाळी येते. वितभर जागेला बराच वेळ लागला, पण तिथल्या रेषा खरोखर गेल्या.

दाजी खुशीत म्हणाले, “आता हा मोठा पण घ्या.” त्यानं मान हलवली. “सर, हा नाही घेणार. तुमच्या डोळ्यांपुढं आहे.”

त्याचं कारण त्यानं दाखवलं, आणि मला वाटतं हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूची काच उतरवायची. खोल चरा असेल तर तिथे उथळ खळगा तयार होतो आणि तो भिंगाचं काम करतो. दुकानात अशी एक जुनी, कुठंतरी पॉलिश केलेली काच उभी होती. तिच्यातून समोरचा विजेचा खांब पाहिला आणि डोकं सावकाश बाजूला नेलं, तर खांब मध्येच वाकला आणि पुन्हा सरळ झाला. ड्रायव्हरच्या नजरेसमोर असा खळगा असेल तर अंतराचा अंदाज चुकतो, डोळे दुखतात. ओरखड्यापेक्षा हे वाईट. शिवाय पुढच्या काचेत दोन काचा असतात आणि मध्ये साधारण पाऊण मिलिमीटरचा प्लास्टिकचा पापुद्रा. बाहेरची काच जेमतेम दोन मिलिमीटरची. उतरवून उतरवून किती उतरवणार?

तो पापुद्रा मात्र मोलाचा. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून 1903 साली काचेचं भांडं पडलं, तडकलं, पण विखुरलं नाही. आत वाळलेल्या रसायनाच्या थरानं तुकडे धरून ठेवले होते. 1909 साली त्यानं एकस्व घेतलं आणि त्यातून आजची लॅमिनेटेड काच आली. खडा लागून टवका उडाला तर रेझिन भरून तो बुजवता येतो, अतिनील दिव्याखाली ते घट्ट होतं. पण ते काम टवक्याचं. ओरखड्यात रेझिन धरत नाही.

तर नवी काच. विमा मिळेल का, हा प्रश्न ताईचा. वापरातली झीज विम्यात बसत नाही आणि वायपरचे ओरखडे झीजच मानले जातात. खडा लागून काच फुटली असती तर गोष्ट वेगळी. काचेवर घसारा कापला जात नाही, पण 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये आपले, आणि दावा केला की पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सवलत जाते. छोट्या गाडीची काच चार-पाच हजारांपासून पुढे येते, त्यामुळे खडा लागल्यावरही हा हिशेब आधी मांडावा लागतो. दाजींनी सरळ खिशातून पैसे दिले.

काच बसवताना मी तिथे उभा होतो. जुनी काच धरून ठेवणारा काळा चिकट थर पातीनं कापला, पत्र्यावर जिथं रंग खरवडला तिथे गंज धरू नये म्हणून प्रायमर लावला, मग नव्या चिकट द्रवाची एकसलग वळी ओढली आणि दोघांनी रबरी चोषकांनी काच अलगद टेकवली. कोपऱ्यात कंपनीचं नाव, भारतीय मानकाची खूण आणि लॅमिनेटेड असा शिक्का आहे की नाही, हे मी वाचून घेतलं, प्रत्येकानं घ्यावं. चिकट थर पक्का होईपर्यंत काही तास गाडी हलवायची नाही, असं कारागिरानं बजावलं. घाई केली तर धोका नुसता गळतीचा नाही. डावीकडची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते, काच सुटली तर एअरबॅगही जागेवर राहत नाही.

माझं मत पक्कं झालं आहे. नख न अडकणारे, नजरेच्या बाजूचे ओरखडे असतील तर जाणत्या हाताकडून पॉलिश करून घ्यावं, पैसे वाचतात. ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर नख अडकणारा चरा असेल तर काच बदलावी आणि तिथे कुणालाही मशीन लावू देऊ नये.

दाजींच्या गाडीत आता फडक्याऐवजी पाण्याची बाटली असते. आधी पाणी, मग वायपर. तुमच्या भागात साखर कारखान्यात मोळी पडायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, वायपरची रबरं बदलून घ्या. काही शेकड्यांचं काम आहे. आणि ट्रॉली तुमची स्वतःची असेल, तर तिच्या मागे रिफ्लेक्टर लावलेले आहेत का, ते आजच अंधार पडायच्या आत बघून घ्या.