थरथर

मुलाची गाडी सिग्नलला थांबली की हिचा हात जास्तच थरथरायचा. कंपवात वाढला, या धास्तीने मी गप्प. पण परवा माझ्याही मांडीवरची पिशवी थरथरली!

जन्मभर मराठी शिकवलं. यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. गॅरेजवाल्याने समजावलं, इंजिनाच्या हायड्रॉलिक माउंटिंगमध्ये रबराआड दोन कप्पे असतात, त्यांत ग्लायकॉल मिसळलेलं पाणी. इंजिन जोरात हललं की ते अरुंद वाटेने दुसऱ्या कप्प्यात ढकललं जातं आणि धक्का जिरतो. बारीक कंपनाला मधली चकतीच किंचित हलते, म्हणून माउंटिंग मऊ राहतं. आमचं सगळं पाणी गळून गेलं होतं.

नवीन बसवलं. आता सिग्नलला हिचा हात थरथरतो, पण घरी थरथरतो तेवढाच. तेवढा मला धरता येतो.