सोमवारचं दुखणं

सोमवार उजाडायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. सासूबाईंचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा असतं. दवाखाना कराडला, आमच्या गावापासून १८ किलोमीटर. ह्यांची नोकरी फिरतीची, त्यामुळे पहाटे साडेपाचला गाडी काढायची ती मीच. बुधवारी, शुक्रवारी गाडी मुकाट्यानं निघायची. सोमवारी मात्र चावी फिरवली की नुसतं टकटक, टकटक. पुढं काही नाही!

पहिल्या वेळी शेजारच्या मुलांनी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायरी जोडून ती सुरू करून दिली. दुसऱ्या वेळी कुणी भेटलं नाही आणि आमची पाळी चुकली. मंगळवारी जागा मिळेपर्यंत आईंच्या पायांवर सूज चढली. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून रात्रभर उशांना टेकून बसून होत्या. पहाटे म्हणाल्या, "पुरे झालं गं आता. माझ्यापायी किती ओढाताण करशील?" मला काही उत्तरच सुचलं नाही.

त्याच दिवशी बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदारानं बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि "ताई, बॅटरी मेली" म्हणून मोकळा झाला. साडेचार हजार मोजले, जुनी बॅटरी बदल्यात दिली. आणि पुढच्याच सोमवारी नव्या बॅटरीचीही तीच टकटक!

आमच्या शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अण्णा राहतात. सगळं ऐकून ते म्हणाले, "सूनबाई, ताप न बघताच औषध आणलंत. आधी व्होल्ट मोजा, मग पैसे मोजा." आणि त्यांनी आपला मल्टिमीटर माझ्या हातात ठेवला. तळहाताएवढं यंत्र, त्याला एक तांबडी आणि एक काळी तार. खटका डीसी २० व्होल्टवर आणायचा, तांबडी तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी उणे टोकाला टेकवायची. "पण आधी हातातल्या बांगड्या काढा," अण्णांनी दटावलं. धातूची बांगडी चुकून दोन्हीकडे टेकली तर ठिणगी उडते, हात भाजतो. शिवाय बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो.

बॅटरी रात्रभर चार्ज करून काही तास तशीच ठेवली, मग मोजली. १२.६ व्होल्ट. अण्णा म्हणाले, "आत सहा कप्पे, प्रत्येकी २.१ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की उतरलीच समजा." मग मी चावी फिरवली. इंजिन उठताना काटा, म्हणजे आकडा, १०.४ वर आला. ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरी कमजोर समजायची. इंजिन चालू झाल्यावर १४.२. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असला की अल्टरनेटर बॅटरी नीट भरतोय. इंजिन चालू असूनही आकडा बाराच्या घरातच राहिला तर पट्टा किंवा अल्टरनेटर पाहायचा, पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर. अलीकडच्या काही गाड्यांत हा आकडा मुद्दामच कमीजास्त होत राहतो, म्हणून तिथं एका आकड्यावर निकाल द्यायचा नाही.

म्हणजे बॅटरी चांगली, भरणाराही चांगला. मग चोर कोण?

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, आकडे लिहू लागले. शुक्रवारी रात्री १२.५, शनिवारी रात्री १२.३, रविवारी रात्री १२.०. सोमवारी पहाटे ११.८, आणि टकटक. (त्या सोमवारसाठी रिक्षा आधीच सांगून ठेवली होती!) गाडी उभी असताना कुणीतरी थेंब थेंब वीज पीत होतं. सोमवार ते बुधवार मध्ये एकच दिवस, म्हणून निभावायचं. शुक्रवारनंतर मात्र दोन दिवस गाडी उभी, म्हणून सोमवार हुकायचा.

अण्णा म्हणाले, "आता एकेक फ्यूज काढून पाहू." रात्री जेवताना हेच बोलणं चाललं होतं. आई हळूच म्हणाल्या, "रात्री मला झोप लागत नाही ना, खिडकीतून बघत बसते. तुझ्या गाडीच्या पाठीमागच्या काचेत बारीक उजेड दिसतो. तसाच असतो का गं तो?"

मी हातातला घास तसाच ठेवला! मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवला, झाकण लावलं. बाहेर काढून पाहिलं तर आतला दिवा सगळा वेळ जळत होता. झाकणाजवळचं बटण बाहेरच अडकलेलं, झाकण लावलं तरी दबतच नव्हतं. आईंची चाकांची खुर्ची डिकीत ठेवता-काढताना तिचा दांडा त्यावर आदळत असणार.

दिवा ५ वॅटचा. अण्णांनी हिशेब मांडला: साधारण ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला साधारण १० अँपिअर-तास. आमची बॅटरी सगळी मिळून ३५ ची. अशी पुन्हा पुन्हा तळाला गेली की चांगली बॅटरीही खराब होते. कोण जाणे, जुनी बिचारी निर्दोष असेल.

"म्हणजे माझ्या खुर्चीनंच केलं की," आई म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, खुर्चीनं केलं आणि तुम्ही पकडलंत. तुम्ही आधीच का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "तुमच्या गडबडीत मी आणखी कशाला मधे बोलू?"

हे मात्र मला लागलं. मी दुकानदाराला विचारलं, अण्णांना विचारलं, रात्रभर जागणाऱ्या माणसाला तेवढं विचारायचं राहिलं.

मैत्रिणींनो, गाडी रुसली तर नवी बॅटरी आणण्याआधी या गोष्टी करा. बंद गाडीत, गाडी सुरू करताना आणि सुरू झाल्यावर, असे तीन आकडे घ्या. बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नसेल तर टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर पाहा. बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं निघते. टोकं सोडवताना उणे आधी काढा आणि लावताना शेवटी लावा. आणि घरातल्या सगळ्यांना विचारा, कुणाला काही दिसलं का.

बटण बदललं. पुढच्या सोमवारी पहिल्याच चावीला गाडी उठली. आईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल, उशीर नको."